औषध सरकारचे, धीर घरचा

(श्री संत सेना महाराज पुण्यतिथी उत्सवानिमित्त भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या पवित्र दिवशी आपणांसमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी विद्वान वक्ते नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरली आणि खेड्यापाड्यांतील शाळांतून उभा जन्म मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविला, एवढीच आमची पुंजी. सबब बोलण्यात काही उणे-अधिक झाल्यास आपण उदार अंतःकरणाने क्षमा करावी, अशी आरंभीच प्रार्थना आहे.

या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, ऐक्य, हुंडा आणि लग्नातील उधळपट्टी या विषयांवर भाषणे होतात. आम्हीही ती केली आहेत. यंदा मात्र आम्ही एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या माणसाचे मन, त्याचे औषध आणि त्याचे घर यांविषयी बोलणार आहोत. हा विषय ऐकून चिटणिसांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, उत्सवाच्या दिवशी हे?" आम्ही त्यांस सेना महाराजांचीच कथा आठवून दिली. महाराज पूजेत मग्न असता राजाचे बोलावणे आले, भक्तावर संकट ओढवणार असे दिसले, तेव्हा पांडुरंगाने स्वतः सेनाजींचे रूप घेतले, धोकटी काखेस मारली आणि राजाची हजामत करून आला. संकटात सापडलेल्याची धोकटी देवाने उचलली, ही आपल्या ज्ञातीची सर्वांत मोठी ठेव आहे. मग आपल्यापैकी एखाद्यावर संकट आले असता त्याची धोकटी कोणी उचलावयाची, हा प्रश्न आजच्या दिवशी नाही विचारावयाचा तर कोणत्या दिवशी?

आता जी हकीकत सांगणार आहोत ती परक्याची नव्हे. ती आमच्या घरातील आहे आणि आमच्या सूनबाईंच्या संमतीने सांगत आहोत. ही संमती आम्ही दोनदा घेतली. एकदा बोलण्यासाठी व एकदा स्मरणिकेत छापण्यासाठी.

आमच्या धाकट्या बंधूंचा थोरला मुलगा वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईस एका दुकानात कारागीर म्हणून गेला. हात मोठा सफाईदार. चार पैसे गाठीस बांधून तो गावी परतला आणि तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे दुकान थाटले. लग्न झाले, २००५ साली मुलगा झाला. २००८ च्या पावसाळ्यात त्याचा ताप हटेना, वजन उतरू लागले. जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा एच.आय.व्ही.ची बाधा निघाली. पत्नीची तपासणी केली, तीही बाधित. मूल मात्र सुदैवाने निरोगी निघाले. बंधू निरक्षर नव्हेत, पण घरात शिकलेले म्हणून सल्ला विचारावयाचा तो आम्हांसच. त्या रात्री ओसरीवर बसून आम्ही जो सल्ला दिला तो असा : "औषध घे; पण चार लोकांत हे कळता कामा नये. कळले तर दुकान बुडेल."

हा सल्ला आम्ही त्याच्या हितासाठी दिला, असे त्या वेळी आम्हांस मनापासून वाटले. त्याची दोन कारणे होती. एक तर इभ्रतीचे भय. दुसरे आपल्या धंद्याचे. ज्येष्ठ मंडळींस स्मरत असेल की, या रोगाच्या प्रचाराच्या आरंभीच्या काळात आपल्या दुकानांवर लोकांचा रोख होता. 'दाढीस नवे पाते मागा' असे गिऱ्हाइकांस सांगितले जाई आणि आपल्यातील कित्येकांस तो व्यवसायाचा अपमान वाटे. अशा स्थितीत नाभिकाच्याच घरी हा आजार आहे असे कळते तर काय झाले असते, हे सांगावयास नको. असो.

सल्ला पाळला गेला. गोळ्या दुकानातील पावडरच्या रिकाम्या डब्यात गेल्या. त्या काळी औषध दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यावे लागे. सकाळची गोळी घेण्याच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक बसलेले असे. मग ती राही. लग्नसराईत पाहुण्यांनी घर भरले की संध्याकाळचीही राही. औषध आणावयास केंद्रावर जावयाचे तर रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने खेप चुके. रात्री झोप येईना, म्हणून तो थोडी घेऊ लागला आणि घेतल्यावर औषधाची आठवण राहिना. घरात आम्ही त्याचे ताट-तांब्या वेगळे काढले होते. ताटास खूण म्हणून तांबड्या रंगाचा ठिपका आम्ही स्वतः दिला. तो काही बोलला नाही. पुढे तो आमच्या पंगतीस बसेनासा झाला. २०११ साली क्षयाने गाठले आणि २०१२ च्या जानेवारीत तो गेला. वय पुरते पस्तीसही नव्हते.

भगिनींनो आणि बंधूंनो, त्याच काळात शाळेत दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्ही मुलांस ओळीने उभे करून म्हणवून घेत असू, की हा रोग स्पर्शाने पसरत नाही, एकत्र जेवण्याने पसरत नाही, डासाच्या चाव्याने पसरत नाही. मुले मोठ्याने म्हणत. आणि सायंकाळी घरी येऊन आम्ही तो ठिपक्याचा ताट वेगळा ठेवीत असू. शिकविलेला धडा शिक्षकास स्वतःस आला नव्हता. हे आज या सभेत कबूल केल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आता औषधाचे शास्त्र थोडक्यात पाहू. आपल्या देशात या विषाणूची बाधा प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळली. त्या शोधाचे श्रेय डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांस आहे. आरंभी रोगावर उपाय नव्हता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत यशस्वी झाली आणि मरणपंथास लागलेली माणसे उठून कामास लागली. परंतु किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी हीच औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी दाखविली, तेव्हा जगभरच्या गरीब देशांस दिलासा मिळाला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून तर पेशी कमी होण्याची वाट न पाहता बाधा आढळताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आज बहुतेक प्रौढ रुग्णांस दिवसातून एकच गोळी पुरते. तिच्यात तीन औषधे एकवटलेली असतात.

हे औषध विषाणूस मुळापासून उपटून काढत नाही. त्यास वाढू देत नाही. गावच्या वेशीवर पहारेकरी जागा आहे तोवर चोर आत शिरत नाही. पहारेकरी अधूनमधून झोपू लागला, तर चोर नुसता शिरतो असे नव्हे, तर त्या पहारेकऱ्यास चुकविण्याची युक्तीही शिकतो. गोळी वारंवार चुकली की विषाणू आपले रूप पालटतो आणि मग तेच औषध त्यास मानवते. म्हणून केंद्रावर डबीतील उरलेल्या गोळ्या मोजतात. महिन्यातील गोळ्यांपैकी शेकडा पंचाण्णव तरी वेळेवर गेल्या पाहिजेत, असा तेथील दंडक आहे. दिवसाला एक गोळी धरली, तर तीस दिवसांत दोन चुकल्या तरी आपण त्या दंडकाच्या खाली येतो. आम्ही शिक्षक असल्याने सांगतो, की एवढी हजेरी आमच्या वर्गात क्वचितच एखाद्या मुलाची असे. ती जन्मभर राखावयाची, तीही अंगात काही दुखत-खुपत नसताना, हे सोपे काम नव्हे.

ही हजेरी ज्याने राखली त्यास मिळणारे फळ मात्र मोठे आहे. काही महिन्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली येते की तपासणीतही ते आढळत नाहीत. ही स्थिती टिकवून धरणाऱ्या व्यक्तीपासून वैवाहिक संबंधातूनही जोडीदारास बाधा होत नाही, हे मोठमोठ्या पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. बाधित मातेने वेळीच उपचार घेतल्यास बहुतेक सर्व बालके निरोगी जन्मतात. वेळेवर औषध सुरू करणारा मनुष्य इतरांच्या बरोबरीने आयुष्य जगू शकतो. नित्याची काळजी घ्यावयाचा हा एक दीर्घ आजार आहे, इतकेच. फक्त आम्लपित्ताची औषधे अथवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घ्यावयाच्या झाल्यास केंद्रावरील डॉक्टरांस विचारून घ्याव्यात; कारण त्यांनी या गोळीचा गुण कमी होतो. एखादी गोळी चुकलीच, तरी घाबरून औषध सोडू नये; आठवताच काय करावे तेही त्यांसच विचारावे.

मग इतके गुणकारी औषध फुकट मिळत असता माणसे ते सोडतात का? आमच्या पुतण्याने का सोडले? आम्ही त्याची निष्काळजी म्हणून अनेक वर्षे मनातल्या मनात त्यास दोष दिला. आज आमचे मत पालटले आहे. रोगाहून रोग लपविण्याचे ओझे त्यास जड झाले. चोवीस तास जो मनुष्य आपले गुपित सांभाळीत असतो त्यास झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, कामात लक्ष राहत नाही. आपण कोणास नकोसे आहोत ही भावना एकदा मनात रुजली, की जगण्यासाठी गोळी घ्यावी ही इच्छाच मावळते. मनाच्या या अवस्थेस वैद्यकात नैराश्य म्हणतात आणि या आजारात ते पुष्कळ आढळते. नैराश्याने गोळी चुकते, गोळी चुकल्याने रोग बळावतो, रोग बळावल्याने नैराश्य वाढते. हे चक्र कोठे तरी तोडावे लागते आणि ते तोडण्याची जागा घरातच आहे.

हे आम्हांस कोणी शिकविले? आमच्या कुटुंबाने. पुतण्याच्या तेराव्यानंतर सूनबाई माहेरी जावयास निघाल्या होत्या. त्यांच्याही पेशी घटल्या होत्या आणि औषध सुरू व्हावयाचे होते. त्या संध्याकाळी आमच्या सौ.नी तो ठिपक्याचा ताट घेतला, परसात नेऊन राखेने घासघासून ठिपका काढला, त्याच ताटात स्वतःस वाढून घेतले आणि सूनबाईंस शेजारी बसविले. आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. चौथी उत्तीर्ण असलेल्या त्या बाईने जे केले ते आम्हा मॅट्रिकवाल्यास चार वर्षांत सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंच्या औषधाची डबी देवघराच्या कोनाड्यात, घड्याळाखाली राहू लागली. रात्री नऊचे ठोके पडले की घरातील कोणीही, अगदी पाहुण्यांदेखत, "गोळी घेतलीस का?" असे विचारी. पहिले काही महिने त्यांस मळमळ होई, भयंकर स्वप्ने पडत. डॉक्टरांनी धीर दिला व औषधात आवश्यक तो बदल केला. केंद्रावरील समुपदेशिकेने त्यांची अशाच आजाराच्या इतर भगिनींशी गाठ घालून दिली. 'मी एकटी नाही' हे कळताच अर्धे दुखणे हलके झाले, असे त्या आजही सांगतात. दुकान बंद ठेवण्याऐवजी त्यांनी एक कारागीर ठेवला आणि हिशेब स्वतः पाहू लागल्या. गेली कित्येक वर्षे त्यांच्या रक्तात विषाणू आढळलेला नाही. मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो आहे. एकच घर, एकच आजार. पुतण्याचे औषध पावडरच्या डब्यात राहिले, सूनबाईंचे घड्याळाखाली. औषधे मधल्या काळात सुधारली हे खरे. तरी खरा फरक त्या दोन जागांतला आहे, असे आमचे नम्र मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या रुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली आहे. तीत शरीर, मन, स्वावलंबन, सामाजिक संबंध, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा अशी सहा अंगे धरली आहेत. विचार करून पाहावे : यांतील पहिल्या अंगाची चिंता औषध वाहते. उरलेल्या पाचांत घर, शेजार आणि ज्ञाती यांचा हात लागतो. माणूस किती वर्षे जगला हे डॉक्टर सांगतील. कसा जगला हे आपणांवर अवलंबून आहे.

कायदाही पाठीशी आहे. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्यानुसार बाधित व्यक्तीस नोकरी, शाळा, रुग्णालय वा भाड्याचे घर नाकारता येत नाही. तिला राहत्या घरातून हुसकता येत नाही. तिच्या संमतीवाचून तिची तपासणी करता येत नाही आणि तिची स्थिती उघड करता येत नाही. घरातून काढू नका, असे कायदा सांगू शकतो; ताट जवळ ओढा, असे तो सांगू शकत नाही. ते काम आपले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येकाने आपला आजार चव्हाट्यावर मांडावा, असे आमचे सांगणे नाही. कोणास सांगावे व केव्हा सांगावे, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. परंतु ज्या घरात तो राहतो त्या घरात तरी त्यास गोळी लपवावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

आता मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना व्यवसायाची. प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते आणि प्रत्येक हत्यार निर्जंतुक, हा नियम आपल्या सर्व दुकानांनी कटाक्षाने पाळावा. एच.आय.व्ही. शरीराबाहेर फार तग धरीत नाही आणि दाढीतून त्याची बाधा होण्याचा धोका अगदीच नगण्य आहे. परंतु काविळीचा 'हेपॅटायटिस ब' हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. नवे पाते हा आपला अपमान नसून आपली प्रतिष्ठा आहे. हा नियम सर्वांसाठी सारखा असला, म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकास काय आहे अथवा कोणत्या कारागिरास काय आहे, याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. कारागिराच्या स्पर्शाने, घामाने वा श्वासाने हा रोग जात नाही.

दुसरी सूचना विवाहासंबंधी. आमचे मंडळ वधू-वर मेळावे भरविते. पत्रिका पाहतो तशी वधू-वरांनी परस्परसंमतीने रक्ततपासणीही करून घ्यावी. परंतु तिचा निकाल त्या दोघांचाच राहावा, मंडळाच्या वहीत त्याची नोंद कदापि होऊ नये.

तिसरी सूचना निधीची. मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दीर्घ आजारी पालकांच्या मुलांस मदत द्यावी आणि आजाराचे नाव अर्जात विचारू नये. दरमहा औषधासाठी दूर जावे लागणाऱ्यांचा प्रवासखर्चही त्यातून गुप्तपणे देता येईल. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत या आजाराच्या गरजू रुग्णांचा समावेश आहे. तिचे अर्ज भरून देण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांकडे सोपवावे. आम्ही ते आनंदाने करू. ज्यांस खाजगीत माहिती हवी त्यांच्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे आणि मन फार खचले असल्यास १४४१६ हा आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला असता सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलास पाठीवर घेऊन इस्पितळात पोहोचविले आणि त्याच साथीत त्यांस मरण आले. त्यांस खरोखरच प्राणभय होते, तरी त्या मागे हटल्या नाहीत. आपणांस तर शेजारी बसून जेवण्यात यत्किंचितही भय नाही. तरीही आपण मागे सरलो, तर त्यांचे नाव या व्यासपीठावरून घेण्याचा अधिकार आपणांस राहील काय?

शेवटी एकच सांगतो. या भाषणाची संमती मागितली तेव्हा सूनबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मामंजी, माझ्यासाठी सांगू नका. ज्या घरी गोळी अजून पिठाच्या डब्यात आहे, त्या घरासाठी सांगा." उद्या सकाळी तालुक्याचे ते दुकान नेहमीप्रमाणे आठ वाजता उघडेल. हे ऐकल्यावर तेथे किती गिऱ्हाइके येतील, आम्हांस ठाऊक नाही. आजवर ते गुपित आमच्या हाती होते. आता ते दुकान आपल्या हाती दिले आहे.